रिअ‍ॅलिटी शोमध्ये 'लाइव्ह' नेमकं किती असतं?

पांदणवाट

नमस्कार मंडळी. घरातला एक वाद काही केल्या मिटत नाहीये, म्हणून धागा काढतेय.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात. रात्री जेवणं आटोपली की सासूबाई, मी आणि शेजारच्या दोघी-तिघी टीव्हीपुढे बसतो. गाण्याचं, नाचाचं, बिग बॉस, जे लागेल ते. धाकटा दीर पुण्याला शिकतो. तो सुट्टीत आला की आमचं डोकं खातो. "वहिनी, हे कधीचंच शूट झालेलं असते. तुम्ही जिच्यासाठी रडून रायल्या, ते पोरगी घरी जाऊन वांग्याची भाजी खाऊन रायली असन." सासूबाई म्हणतात, "खाऊन रायली तं खाऊ दे. मी तं आज पाहून रायली ना?"

सासूबाईंचं मला पटतं, पण पूर्ण नाही. आधी शूट केलेला कार्यक्रम पाहायला माझी ना नाही. सिनेमाही आधीच शूट झालेला असतो. पण रिअ‍ॅलिटी शो आपल्याला सांगतो की हे आत्ता घडतंय, आणि वर म्हणतो मत द्या. मला वाटतं, रेकॉर्डेड भागाच्या कोपऱ्यात 'अमुक तारखेला चित्रित' अशी पट्टी टाकायला हवी. तुम्हाला काय वाटतं? आणि लाइव्ह जास्त आवडतं की रेकॉर्डेड?

नागपुरी_तर्री

रुमाल टाकून ठेवतो. पॉपकॉर्न परवडत नाही, तर्री-पोहे घेऊन बसलोय.

खारपाण

ताई, दीर अर्धा बरोबर आहे. सगळे शो एका मापाचे नसतात.

एक टोक म्हणजे खतरों के खिलाडी. जवळपास सगळा सीझन परदेशात शूट होतो, मंडळी परत येतात आणि मग टीव्हीवर सुरू होतो. २०२३ च्या सीझनला आपला अमरावतीचा शिव ठाकरे केप टाउनला गेला होता. इकडे टीव्हीवर तो उंचावर लटकलेला आणि तिकडे इन्स्टावर गणपतीच्या दर्शनाला. लटकलेला माणूस सुखरूप आहे हे माहीत असताना छातीत धडधड कशी व्हावी?

दुसरं टोक बिग बॉस. तिथे साधारण काल घडलेलं आज दिसतं, म्हणून मत द्यायला अर्थ उरतो. शिव २०१९ मध्ये मराठी बिग बॉसचा दुसरा सीझन जिंकला, तेव्हा आमच्या पानठेल्यावर येणाऱ्या प्रत्येकाकडून मत देववून घेत होते. खर्रा नंतर, मत आधी.

गाण्याचे कार्यक्रम या दोन्हींच्या मधे कुठेतरी. आठवड्याचे भाग रेकॉर्डेड, आणि महाअंतिम सोहळा बहुतेक लाइव्ह.

संत्र्याची_साल

केबीसी राहिलं की! तेही रेकॉर्डेडच असतं, पण मला कधी खटकलं नाही.

२०१९ मध्ये अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे एक कोटी जिंकल्या. शाळेत खिचडी शिजवायच्या, महिन्याला १,५०० रुपये मानधन. त्या जिंकल्या हे प्रोमोतच दाखवून टाकलं होतं, म्हणजे उत्सुकता म्हणावी अशी काही उरलीच नव्हती. तरी आमच्या घरी त्या दिवशी माय, काकू, आजी सगळ्या खुर्च्या पुढे ओढून बसल्या. प्रत्येक प्रश्नाला आजी "सांग वो बाई, सांग" करत होती. निकाल माहीत, रक्कम माहीत, आणि हिचे हात थरथरतायत.

तेव्हा "आधी शूट झालं म्हणून मजा गेली" हे मला मान्य नाही. कीर्तनात रामाला वनवास होणार हे कोणाला माहीत नसतं?

अळीमुक्त_बोंड

संत्राताई, पण केबीसीत आपण मत देत नाही ना. तिथं हॉट सीटवरचं माणूस आणि त्याचं डोकं. आपण फुकटचे बघे. फरक तिथंच आहे.

मोहफूल

मी एकदा प्रेक्षकांत बसून आलेय. मुंबईला नणंदेकडे गेले होते, तिच्या सोसायटीतल्या एकीला पास मिळाले होते. शोचं नाव नको.

दुपारी आत घेतलं, मोबाइल काढून घेतले. बारक्या चणीचा, गळ्यात हेडफोन अडकवलेला एक मुलगा पुढे आला आणि म्हणाला, "आता जोरात टाळ्या." स्टेजवर कुत्रंही नाही! आम्ही टाळ्या वाजवल्या. मग "आता हसा". मग "आता उभं राहून टाळ्या". मग "आता डोळे पुसा, ज्यांना जमेल त्यांनी". माझ्या शेजारच्या बाईंनी असे काही डोळे पुसले की त्यांना उचलून पहिल्या रांगेत नेलं. मी भडक पोपटी साडी नेसले होते, मला मागे खांबाआड टाकलं. पहिलं गाणं सुरू होईपर्यंत बाहेर अंधार पडला होता.

नंतर घरी तो भाग पाहिला. एका मुलाच्या गाण्यानंतर सगळे उभे राहून टाळ्या वाजवताना दिसले. त्या गाण्याला आम्ही कोणी उठलो नव्हतो. पोपटी साडी मात्र दिसली, अर्धी.

नागपुरी_तर्री

"डोळे पुसा, ज्यांना जमेल त्यांनी" 😂 आमच्या मामीला पाठवतो. तिला दुसऱ्याच्या लग्नात पाठवणीला जमतं, इथं तर पासही फुकट.

कात्रीवाली

मोहफूलताईंनी पाहिलं ते खरं आहे. मी मूळची वणीची, मुंबईत एडिटिंगमध्ये काम करते. कुठल्या शोचं ते करारामुळे सांगता येणार नाही.

आधी हे की, रेकॉर्ड का करतात? फसवायला नाही, खर्चासाठी. सेटचं भाडं, परीक्षकांच्या तारखा, वादक, लाइट सगळं दिवसावर मोजलं जातं. म्हणून एका दिवसात दोन-दोन भाग उरकतात. परीक्षक मधे कपडे बदलून येतात आणि "मागच्या आठवड्यात तू जे गायलास" म्हणतात, ते कधी कधी दुपारी गायलेलं असतं.

घरात कोंडून ठेवायच्या शोमध्ये कॅमेरे चोवीस तास चालू. बाहेर पाळ्यांमध्ये माणसं बसून नोंदी करतात: किती वाजता, कुठल्या खोलीत, कोण कोणाला काय म्हणालं. त्या ढिगातून आम्हाला तासाभराची गोष्ट काढायची असते, जाहिराती वजा करून. त्यामुळे दिवसभर शांतपणे भांडी घासणारा माणूस टीव्हीवर दिसतच नाही. तो घरात नसतो असं नाही, तो गोष्टीत नसतो.

सांधा ओळखायचा असेल तर एक सांगते. बोलणाऱ्याचे ओठ दिसत असताना वाक्य पुरं झालं, तर निर्धास्त राहा. वाक्याच्या मधेच कॅमेरा ऐकणाऱ्याच्या तोंडावर किंवा बोलणाऱ्याच्या पाठीवर गेला, तर तिथे दुसरीकडचा तुकडा जोडलेला असू शकतो. कान दिलात तर मागचा पंख्याचा, भांड्यांचा आवाज एकदम बदललेला कळतो. आणि टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासांवर लक्ष ठेवा. परीक्षक बोलताना ग्लास भरलेला, मग अर्धा, मग पुन्हा भरलेला. आम्ही चेहरे जुळवतो, ग्लास राहून जातात.

पण रेकॉर्डिंगला सरसकट खोटं म्हणू नका. खेड्यातून पहिल्यांदा आलेली मुलगी तो झगमगाट पाहूनच गळा आवळून बसते. रेकॉर्डिंगमध्ये तिला पाणी देता येतं, पाच मिनिटं थांबता येतं, पुन्हा गाता येतं. लाइव्हमध्ये ती संपली. लाइव्ह हे सरावलेल्यांच्या सोयीचं असतं, असं मला इतकी वर्षं पाहून वाटतं.

अळीमुक्त_बोंड

कात्रीताई, पाणी द्या, पुन्हा गाऊ द्या, काहीच हरकत नाही. पण सूरही मशीनवर सरळ करता ना? मग मी मत कोणाले देऊन रायलो, पोरीले का मशीनले?

कात्रीवाली

करतात. सगळीकडे नाही, पण करतात. यावर माझ्याकडे बचाव नाही.

मास्तर_रिटायर

चर्चा चांगली चालली आहे. एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. इथे सगळेजण 'लाइव्ह म्हणजे खरं, रेकॉर्डेड म्हणजे खोटं' असं गृहीत धरून चालले आहेत. टीव्हीच्या इतिहासातली सगळ्यात गाजलेली लबाडी मात्र थेट प्रक्षेपणात झालेली आहे.

अमेरिकेत एनबीसीवर १९५६ मध्ये 'ट्वेंटी-वन' नावाचा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम सुरू झाला. दोन स्पर्धक काचेच्या बंद खोल्यांत उभे, देश श्वास रोखून बसलेला. चार्ल्स व्हॅन डोरेन हा कोलंबिया विद्यापीठातला देखणा तरुण प्राध्यापक आठवड्यामागून आठवडे जिंकत गेला. प्रत्यक्षात त्याला उत्तरं आधी पढवलेली होती. त्याच्यासमोरच्या स्पर्धकाला तर येत असलेलं उत्तर मुद्दाम चुकवायला सांगितलं होतं. घाम फुटलेला दिसावा म्हणून काचेच्या खोलीतलं एसी बंद ठेवत. कपाळ कसं आणि किती वेळा टिपायचं, कुठे अडखळायचं, सगळ्याची तालीम. १९५९ मध्ये व्हॅन डोरेनने काँग्रेसच्या समितीपुढे कबुली दिली आणि १९६० मध्ये अशा स्पर्धा आधी ठरवून घेण्याविरुद्ध तिथे कायदा झाला.

म्हणजे कॅमेरा थेट होता, माणसं थेट होती, घामसुद्धा खराखुरा होता.

खारपाण

मास्तर, एक नंबर. घाम खरा आणि उत्तर खोटं!

डिश_अँटेना

मी पुसदकडं डिश-केबलचं काम करतो. लाइव्ह-लाइव्ह काय करून रायले सगळे? लाइव्ह तुमच्या घरी येतच नाही.

आमच्या गल्लीत मॅचच्या दिवशी पाहा. एका घरी केबल, एका घरी डिश, पोट्ट्यांच्या हातात मोबाइल. विकेट एकच, पण आरडाओरडा तीन हप्त्यांत. मोबाइलवाला तर कधी कधी अर्धा मिनिट मागे असते. तो आरामात "आता सिक्स मारीन पाय" म्हणते आणि इकडे बॅट्समन कधीचाच पॅव्हेलियनमध्ये पोचलेला. शिवाय लाइव्ह कार्यक्रमातही चॅनेलवाले मुद्दाम काही सेकंद मागे चालतात. कोणी शिवी घातली तर तेवढ्यात बीप वाजवता आलं पाहिजे.

दुसरी गोष्ट लाइटची. लाइव्ह फिनाले आणि वादळवारा यांचं काय नातं आहे देव जाणे. नेमकं नाव पुकारायच्या वेळी लाइट जाते आणि मग मले फोन येतात, "दादा, डिश फिरली का पाहा." डिश नाही फिरली बाप्पा, खांब पडला! रेकॉर्डेडचं बरं असते, दुसऱ्या दिवशी दुपारी रिपीट लागते. वावरातून उशिरा येणाऱ्या माणसाले रिपीटच खरा शो आहे.

आणि चॅनेलले लाइव्ह काहून आवडते ते पण सांगतो. रेकॉर्डेड भाग लोक नंतर मोबाइलवर पाहतात, जाहिरात पुढं ढकलून देतात. लाइव्ह फिनालेत ढकलाल कोठी? निकाल ब्रेकच्या पलीकडं असते. आता आपलेही डोळे त्यायले मोलाचे झाले, कारण टीव्ही कोण किती पाहते ते मोजणाऱ्या बार्क संस्थेनं २०१५ पासून खेड्यातली घरंही मोजायला घेतली.

झाडीपट्टीकर

लाइव्ह पाहायचं तर आमच्याकडे या की राजेहो. वडसा, ब्रह्मपुरी, साकोली, कुठेही उतरा. दिवाळी झाली की होळीपर्यंत झाडीपट्टीचा, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांचा हंगाम. दिवसा शंकरपट (बैलांच्या शर्यती), रात्री नाटक. दहा-साडेदहाला पडदा उघडतो तो धान कापलेल्या बांधीत पहाटे खाली पडतो. थंडीत ब्लँकेट घेऊन माणसं बसतात. नट चुकला तर प्रेक्षक सांगतात, गाणं आवडलं तर पुन्हा म्हणायला लावतात. तिथे कोणी "आता टाळ्या" सांगायला येत नाही, आणि कंटाळा आला तर लोक सरळ चहाच्या दुकानाकडे वळतात. आमच्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवर आयुष्य घालवलं म्हणून.

मुंबईचे टीव्हीवाले कलाकारही येतात. त्यांतले काही पहिल्या अंकातच पाणी मागतात. रीटेक नसतो ना!

संत्र्याची_साल

झाडीभाऊ, तिकीट पाठवा, येतो. पण विषय भरकटवून धाग्याचं काश्मीर करू नका 🙏

झाडीपट्टीकर

काश्मीर नाही ताई, गडचिरोली होतंय. थंडी तेवढीच.

अळीमुक्त_बोंड

मतांच्या पैशांवर कोणीच बोललं नाही, म्हणून मी बोलतो.

हिंगणघाटची वैशाली माडे २००९ मध्ये हिंदी सारेगमप जिंकली, तेव्हा मी कॉलेजात होतो. होस्टेलवर सगळे जण एसएमएस करत होतो. मेसेजचा पॅक मारला होता, पण मतांच्या मेसेजला पॅक लागत नसे, त्याचा दर वेगळा. मेसचे पैसे वैशालीताईले गेले आणि आम्ही उधारीवर झुणका-भाकर खाल्ली. त्याचं दुःख नाही, आपली पोरगी जिंकली. पण त्या मेसेजच्या पैशातून कोणाला किती जातं, हे तेव्हा कोणी सांगत नव्हतं.

यावर खटलाही झालेला आहे. २००७ च्या केबीसीत, शाहरुख होता तेव्हा, घरबसल्या प्रेक्षकांसाठी एसएमएसची स्पर्धा होती. एका मेसेजला २ रुपये ४० पैसे. बक्षीस याच मेसेजच्या कमाईतून निघतं आणि लोकांना वाटतं फुकट आहे, अशी ग्राहक संघटनेची तक्रार होती. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं चॅनेल आणि मोबाइल कंपनीला मिळून १ कोटीचा दंड लावला. पुढं सुप्रीम कोर्टानं तो रद्द केला, पुरावा पुरेसा नाही म्हणून. कायदा तिथं संपला. माझं मेसचं बिल तिथंच आहे.

मास्तर_रिटायर

बोंडराव, याच धर्तीवर इंग्लंडातलं प्रकरण सांगतो, कारण पांदणवाटताईंच्या प्रश्नाला ते नेमकं लागू पडतं.

२००५ च्या ब्रिटिश कॉमेडी अवॉर्ड्सचा सोहळा आयटीव्हीवर लाइव्ह चालू होता. मधे बातम्यांसाठी खंड पडला. बातम्यांनंतरचा भाग रेकॉर्ड करून दाखवला, पण आव लाइव्हचाच. त्या भागात प्रेक्षकांना फोन करून मत द्यायचं आवाहन चालूच राहिलं, आणि तिकडे सभागृहात विजेता जाहीर होऊन गेलेला. लोक पैसे भरून फोन फिरवतायत, मोजणारा कोणी नाही. इतर कार्यक्रमांतही असे फोन-मतांचे प्रकार उघडकीस आले आणि त्यांबद्दल २००८ मध्ये ऑफकॉम या तिथल्या नियामकाने आयटीव्हीला ५६ लाख ७५ हजार पाउंडांचा दंड केला.

माझ्या मते गुन्हा रेकॉर्डिंगचा नव्हे. निकाल लागल्यावर मत मागणं हा गुन्हा.

पांदणवाट

मास्तर, मला हेच म्हणायचं होतं, शब्द सापडत नव्हते. आज जेवताना हे सगळं घरात वाचून दाखवलं. इंग्लंडची गोष्ट ऐकून दीर खूश, लगेच "पाहा, मी म्हणत नव्हतो?" सासूबाईंना पोपटी साडी फार आवडली. त्या म्हणाल्या, "खांबाआड काहून बसवली? चांगली तं असते पोपटी."

मोहफूल

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा 😄

नागपुरी_तर्री

सगळे एवढं गंभीर झाले म्हणून माझाही एक मुद्दा. आमच्या ग्रुपवर बिग बॉस फिनालेच्या दिवशी दुपारीच विजेत्याचं नाव येतं. 'आतली बातमी, कोणाला सांगू नका.' एकाच ग्रुपवर तीन जणांच्या आतल्या बातम्या, नावं तीन. रात्री एक खरं निघतं, तो वर्षभर कॉलर ताठ करून फिरतो. २०२४ ला सूरज चव्हाण जिंकला तेव्हा आमचा सलूनवाला फिरला होता. आता कटिंगचे दहा रुपये जास्त घेतो, सूत्र आहे म्हणून.

डिश_अँटेना

तारखेच्या पट्टीबद्दल माझं मत: लागणार नाही. चॅनेलवाला स्वतःच्या हातानं 'शिळं' असा शिक्का मारत नसते. बातमीच्या चॅनेलवर कालचा व्हिडिओ आजचा म्हणून चालवतात, तिथं गाण्याच्या शोचं काय घेऊन बसले?

कात्रीवाली

दादा, तारखेची पट्टी अवघड आहे, ते खरं. एका भागात दोन-तीन दिवसांचं शूट मिसळलेलं असतं, तारीख कुठली टाकणार? मला विचाराल तर एवढंच मागायला हवं: जिथे मत मागता, तिथे मतदान कधी सुरू आणि कधी बंद हे ठळक आणि पुरेसा वेळ दिसू द्या, आणि शेवटी प्रत्येकाला किती मतं पडली ते आकड्यात दाखवा. "खूप कमी फरकाने" असं म्हणून चालणार नाही. आकडा दाखवला की रेकॉर्डेड की लाइव्ह हा वाद निम्मा आपोआप मिटेल. ज्या शोमध्ये मत नाही, तो कधीही शूट करा, कोणाचं काय जातं?

संत्र्याची_साल

आकड्यांना +१. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एका मताने पडलेल्याचा आकडा गावाला तोंडपाठ असतो, आणि इथे लाखोंच्या मतांचा थांगपत्ता नाही.

खारपाण

सहमत. फक्त कात्रीताई, सूर मशीनवर सरळ केला असेल तर तेही लिहा म्हणावं. चालेल बारीक अक्षरात, म्युच्युअल फंडासारखं.

कात्रीवाली

म्युच्युअल फंडासारखं भरभर वाचून दाखवू. "सूर हे मशीनच्या जोखमीच्या अधीन आहेत."

अळीमुक्त_बोंड

ते सगळं ठीक. पण या शनिवारी मत द्यायचं का नाही? पोट्टी सकाळपासून रिचार्ज मागून रायली, म्हणते मत द्यायचं आहे.

डिश_अँटेना

भाऊ, मतदान आता ॲपवर असते, फुकट. रिचार्ज कशाले पाहिजे ते विचार आधी.